अर्धा इंच

पाणी ओसरल्यावर आधी दिसली ती रेघ.
तीन भिंतींवर माझ्या खांद्याच्या उंचीला,
दोरी ताणून मारल्यासारखी,
चौथ्या भिंतीवर मात्र घसरलेली.
कारण पूर वर चढला तेव्हा पूर्वेची भिंत जागेवर होती,
परत जाताना त्याने तिचा पाया नेला.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, लिक रन ओढ्याच्या काठी
आगगाडीची चाकं कातणारा हा कारखाना.
शेवटचं इंजिन गेल्यावर पन्नास वर्षं नुसता उभा,
मग रविवारपुरता आमचा.
ओढ्याने एका रात्रीत आत आणले
कोळसा, कुंपणाचे खांब, एक मेलेलं हरीण,
आणि लेथच्या पोटात
तुपासारखा मऊ चिखल.

"वाळू देऊ नका," डेलमार स्टॅम्बॉ म्हणाला,
वय शहाऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं,
"ओला आहे तोवर पाहुणा. वाळला की घरमालक."
मग आम्ही पाण्यानेच धुतलं पाण्याचं पाप,
नंतर रॉकेल, नंतर दात घासायचे ब्रश.
एकशे त्रेपन्न ब्रश. ऑर्फाने हिशेब ठेवला.
गावातल्या दंतवैद्याने फुकट दिले,
प्रत्येकावर त्याचा फोन नंबर.

वर तुळयांखाली लांबच लांब शाफ्ट,
सगळ्या यंत्रांचे पट्टे त्याच्यावरून उतरतात.
तिथवर पाणी पोचलं नव्हतं,
पण भिंत खचली तशी दोन बेअरिंगं फुटली.
डेलमारने शाफ्टला मेणबत्तीची काजळी फासली.
दृष्टीसाठी नव्हे,
ओतलेला धातू चिकटू नये म्हणून.
मग वितळलेल्या धातूत पाइनची काडी बुडवली.
पेटली. "थांबा."
पुन्हा बुडवली.
काळी पडली, पेटली नाही.
"आता."
ओतताना कुणी श्वास घेतला नाही,
घेतला असेल तर मी नाही.

हॅरिसबर्गहून टेस काउफमन आली,
जॅक घेऊन, लेसर घेऊन.
चार दिवस भिंत केसाकेसाने वर.
पाचव्या दिवशी हिरवी रेघ इकडून तिकडे
कुठेही न अडखळता गेली.
टाळ्या वाजल्या. फोटो निघाला.

शाफ्ट फिरेना.

आम्ही दोघं पट्ट्याला लोंबकळलो. फिरेना.
टेसने आकडे पुन्हा तपासले, आकडे बरोबर होते.
डेलमार पालथ्या बादलीवर बसून
सँडविच खात होता, कोपऱ्याकडे बघत.
खाऊन झाल्यावर कागदाची नीट घडी केली.
"किती उचललीत?"
"अडीच इंच."
"अर्धा सोडा खाली."
"पण मग ती वाकडी राहील."
"होतीच वाकडी. पुराने लिहून ठेवलंय, बघा."

कोपऱ्यात दोन भिंती भेटतात तिथे
पाण्याची रेघ तुटली होती.
पूर्वेला अर्धा इंच वर.

टेस बराच वेळ काही बोलली नाही.
मग शिडी चढून शाफ्टचे हँगर पाहिले.
प्रत्येकाखाली कुणी कुणी सरकवलेले पत्रे,
तंबाखूच्या डबीचा, कॉफीच्या डब्याचा,
एका मोटारीच्या नंबरप्लेटचा तुकडा.
कोणाच्याही नकाशात नसलेला
दीडशे वर्षांचा हिशेब.
उतरली, आणि जॅकचा दांडा तिने स्वतःच धरला.

रेघेला रेघ लागली तेव्हा
आवाज काहीच झाला नाही.
ऑर्फाने एका हाताने पट्टा ओढला,
दुसऱ्या हातात तिची वही होती,
आणि वर सगळं हळूहळू, कुरकुरत,
झोपमोड झाल्यासारखं फिरू लागलं.

गोष्ट इथे संपवता आली असती.
पण चौथं बेअरिंग अजून तापतं,
ड्रिल अजून गंजलेलाच आहे,
आणि ओढा तर तिथेच आहे,
आत्ता घोट्याएवढा, लहान मुलासारखा.
दर रविवारी डेलमार शिडी चढतो,
हाताची मागची बाजू बेअरिंगला लावतो,
कानातली यंत्रं काढून खिशात ठेवतो.
"ऐकू येतंय का काही?" मी खालून ओरडते.
त्याला ऐकू जात नाही.
आम्ही शिडी धरून उभ्या.